पुढे महालिंग, मागे गाव

महालिंगाच्या गळ्याबद्दल झरीत दुमत नव्हतं. सत्तेचाळीस साल होतं. निजामाचं राज्य राहणार की जाणार, यावरून पारावर रोज जुंपायची, पण महालिंगानं गाऊ नये यावर सगळा गाव एक होता. हा निकाल खुद्द त्याच्या आईनं दिला होता, तो बारा वर्षांचा असताना. "महालिंगा, तू लय गुणाचा हायस," चन्नबसम्मा म्हणाली होती. "पण तुला गळा न्हाई. तू सतरंजी अंथर."

त्यानं अंथरली. पस्तीस वर्षं दर सोमवारी आईच्या भजनाला अंथरली, समया घासल्या, गाणाऱ्यांना पाणी दिलं. पदं त्याला सगळी पाठ होती. ओठ मिटून बसायची सवय झाली होती, पण ते सोपं कधीच गेलं नाही. आईसमोर एकदा, एकच पद, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणावं, एवढीच त्याची हौस होती. ती राहिली आणि आई गेली.

चन्नबसम्माचं गाण्याचं वेड साधं नव्हतं. पिंगळीच्या स्टेशनावर भजनासाठी मागवलेली पेटी उतरली, तेव्हा ती बैलगाडीत पेटी मांडीवर घेऊन बसली आणि झरीपर्यंतचे सगळे हादरे स्वतः खाल्ले. पुढं आठ दिवस तिला उठता-बसता येत नव्हतं. पेटी ठणठणीत होती. जिंतूरहून तबलजी आणून त्याला चार महिने घरी ठेवून घेतलं आणि गावातली तीन पोरं तयार करूनच सोडलं. दुष्काळाच्या साली तिनं ज्वारीचं पेव गावासाठी उघडलं. अट एकच, सोमवारी भजनाला यायचं. सतरंजी सगळ्या जातींना एकच होती. ज्यांना ते पटत नव्हतं त्यांना बाहेर बसून ऐकायची मुभा होती, आणि बाहेर ऊन होतं.

तिचा एक नियम मात्र फार कडक होता. पुढच्यानं जसं म्हटलं तसंच मागच्यांनी म्हणायचं. मधेच कुणी शहाणपणा करून सूर सावरायला गेलं की ती टाळ खाली ठेवायची. "पुढचा खड्ड्यात गेला तर तुमीबी जा," ती म्हणायची. "वर आल्यावर मग भांडा."

तिचं वर्ष जवळ आलं तसं भजन करायचं ठरलं. त्या साली चार माणसं जमवायची तर तालुक्याचा परवाना लागायचा. अर्ज पटवारी व्यंकटरावांनी लिहिला. अर्जात 'पुढे कोण गाणार' असा एक रकाना होता. गाणार होता धाकटा गुरुपाद, आईचा गळा घेऊन जन्मलेला. पण थोरला हयात असताना धाकट्याचं नाव व्यंकटरावांनी आजवर कुठल्याच कागदावर घातलं नव्हतं. हात सवयीनं चालला आणि रकान्यात थोरल्याचं नाव बापाच्या नावासकट पडलं. महालिंग वल्द बसप्पा.

वर्षाच्या सोमवारी घरात सतरंजी भरली होती, तेव्हा दुपार कलल्यावर परवाना घेऊन निजामाच्या पोलिसातला एक जवान आला. त्यानं कागद वाचून दाखवला. चाळीस माणसं, एक पेटी, एक तबला, झेंडा नाही, दिवस मावळायच्या आत. मग त्यानं मान वर केली.

"महालिंग कौन जी?"

महालिंग घागर घेऊन उभा होता. "मीच."

"बैठो. गाओ."

गुरुपादनं पेटीवरून हात जोडले. "साहेब, गातो मी. ह्याचं नाव चुकीनं पडलंय."

"कागज पे ये गाता," जवान म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण आठ कोस चालून आला होता. "दुसरा गाया तो मेरेकू बंद करना पडता."

 महालिंग घागर घेऊन तसाच दोन पावलं मागं सरला. गायलो तर आईचं वर्ष आपल्या गळ्यानं नासणार, नाही गायलो तर आपल्यामुळं बंद पडणार. पहिल्या रांगेतल्या धुरपताबाई सत्तरीच्या होत्या आणि त्यांना कशाची घाई नव्हती. त्यांनी टाळ हातात घेतले.

"बस रे महालिंगा," त्या म्हणाल्या. "बंद न्हाई करायचं. घागर ठेव खाली."

त्यानं घागर ठेवली, आईच्या जागेच्या शेजारी बसला आणि तिचं आवडतं पद धरलं. सूर पहिल्याच ओळीला सुटला. गुरुपादची बोटं पेटीवर दोन पट्ट्या वर गेली, तीन पट्ट्या खाली आली आणि मग त्यानं भाता मिटून घेतला. ओळ संपली. महालिंगानं डोळे मिटले आणि हसण्याची वाट पाहिली.

मागून एकोणचाळीस जणांनी ओळ उचलली. जशीच्या तशी. तो जिथं घसरला होता तिथं सगळे घसरले. जिथं त्याचा दम तुटला होता तिथं सगळे थांबले, आणि जिथं तो उगीचच वर चढला होता तिथं धुरपताबाई या वयात चढल्या. सगळं चुकीचं होतं, पण एकसारखं होतं. चन्नबसम्मानं पस्तीस वर्षं शिकवलेलं वाया गेलं नव्हतं.

दुसऱ्या ओळीला महालिंगानं डोळे उघडले. तिसऱ्या ओळीला त्याची भीती गेली. आपण गातोय आणि गाव मागं येतोय, हे त्याला कळलं आणि इतका आनंद झाला की शेवटच्या कडव्यात त्याला रडू फुटलं आणि आवाज फाटला. मागून एकोणचाळीस आवाज तिथंच फाटले. ते नियमानं फाटले की खरोखर, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

पद संपलं. नियमाप्रमाणं भांडायची वेळ आता होती. कुणी भांडलं नाही. जवान भिंतीला टेकून खाली बसला होता. त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि नाक पुसलं.

पद संपलं की पाणी द्यायचं, हे महालिंगाच्या अंगात भिनलं होतं. तो उठून घागरीकडं वळला.

"अण्णा, तू बस," गुरुपाद पेटीमागून उठत म्हणाला. "तुझं दुसरं पद व्हायचंय. पाणी मी देतो."