चंदाची सोप्या शब्दांची वही

मी एक वही. दुकानात मांडलेली, गुळगुळीत पुठ्ठ्याची वही मात्र नव्हे. मला कोणी विकत घेतलंच नाही. एका बाजूनं छापून वाया गेलेले कागद, दोन पुठ्ठे आणि कारंजा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात घातलेली प्लास्टिकची स्प्रिंग, एवढ्यावर माझा जन्म झाला. माझ्या पानांच्या एका अंगाला अजूनही कुठल्या तरी जुन्या बैठकीचं इतिवृत्त आहे. ते कोणी वाचत नाही. दुसऱ्या अंगाला जे हातानं लिहिलंय, त्यासाठी मी जगले.

मला घडवलं रत्नमालाबाईंनी. त्या दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षिका. मानोरा तालुक्यातल्या गावांमधून स्कूटीवर फिरतात, ज्यांना शाळेनं घरी बसवलं अशांना घरी जाऊन शिकवतात. आणि मला घडवलं ते चंदासाठी.

चंदा तेव्हा सतरा वर्षांची होती. तिची समज जन्मापासून सावकाश चालते. शाळेनं तिला ढकलत ढकलत सातवीपर्यंत आणलं आणि मग हात झटकले. गावात तिला तोंडावर येडी म्हणत. हिला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं तिच्या घरचेही म्हणत. पण बाई सहा महिने चिकाटीनं येत राहिल्या आणि चंदा मोठ्या अक्षरातलं वाचू लागली. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर सोडवत.

एकदा तिच्या नावानं सरकारी पत्र आलं. चंदानं ते स्वतः वाचायला घेतलं आणि एका शब्दावर तिचं बोट अडलं. ‘आपण सदर योजनेकरिता पात्र आहात.’

“मॅडम, पात्र म्हणजे भांडं ना?” तिनं विचारलं. “मी भांडं आहो का?”

बाई हसल्या. मग त्यांचं हसू मावळलं. पत्र चंदाचं होतं आणि चंदालाच ते कळत नव्हतं. पुढच्या खेपेला त्या मला घेऊन आल्या.

एका पानावर एकच शब्द, असं त्यांनी ठरवलं. वर ठळक अक्षरात शब्द, खाली त्याचा अर्थ, बाजूला चित्र. पहिलाच शब्द ‘पात्र’. बाईंनी लिहिलं, ‘निकषांची पूर्तता करणारी व्यक्ती.’

चंदानं बोट फिरवलं. “हे तं त्याच्याहून अवघड झालं.”

बाईंनी खोडलं. ‘नियमात बसणारा’ असं लिहिलं. चंदा म्हणाली, “नियमात कसं बसते? खाली का खुर्चीवर?” तेही खोडलं. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, ‘तुम्ही पात्र आहात, म्हणजे ही मदत तुम्हाला मिळू शकते.’ चंदानं ते दोनदा वाचलं. मग कपाळावरची टिकली काढून माझ्या पानाच्या कोपऱ्यात चिकटवली. समजलं, याची ती खूण. तेव्हापासून टिकली लागल्याशिवाय पान पुरं झालं असं बाई मानत नसत.

माणसांची एक सवय मला तेव्हाच कळली. अवघड शब्दाचा अर्थ विचारला की शिकलेला माणूस दुसरा अवघड शब्द पुढे करतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. आपल्याला समजलं म्हणजे सगळ्यांना समजलं, असं त्याला वाटत असतं.

मी भरत गेले. सवलत, दाखला, हयात, वारस. ‘सवलत’चं पान पुरं झालं त्या आठवड्यात चंदानं एसटीत कंडक्टरला आपलं कार्ड स्वतः काढून दाखवलं. धुरपताबाई, म्हणजे तिची आई, शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

‘संमती’ला मात्र दोन दिवस लागले. कोणत्याशा कार्यक्रमात चंदाचा फोटो काढायचा होता, त्यावरून तो शब्द निघाला. बाईंनी लिहिलं, ‘संमती म्हणजे हो म्हणणं.’

“मंग नाही म्हनलं तं?” चंदानं विचारलं.

 त्यांनी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. ‘आधी नीट समजून घ्यायचं, मग ठरवायचं. नाही म्हटलं तरी चालतं.’ तरी चंदा टिकली लावेना. “नाही म्हनलं का लोक रागावते,” ती म्हणाली. तेव्हा बाईंनी शेवटची ओळ घातली, ‘कोणी रागावलं तरीही चालतं.’

चार वर्षं गेली. चंदा एकवीस वर्षांची झाली.

तिचे आईवडील, धुरपताबाई आणि किशन, दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. चंदाही सोबत जाई आणि तिच्या थैलीत मी. उसाच्या फडाजवळची खोप मी पाहिली आहे. तिला दार नाही, जवळ पाणी नाही, आडोसा नाही. पहाटे आईबाप तोडीला निघून जात आणि चंदा खोपीत एकटी उरे. पाळीच्या दिवसांत तिची फार तारांबळ होई. धुरपताबाईचे हात उसात आणि जीव खोपीशी टांगलेला. पोरीला कोणी काही केलं तर? तिला दिवस गेले तर? ही भीती ती कोणाजवळ बोलत नसे. पण मोळी टाकून धावत खोपीकडे येताना तिचा चेहरा मी बघितला आहे. म्हणून पुढं जे झालं त्यासाठी मी तिला वाईट म्हणणार नाही.

फडावरच्या बायांनी तिला सुचवलं, पोरीची पिशवी काढून टाक, कटकट मिटते. धुरपताबाईची स्वतःची पिशवी तिसाव्या वर्षी काढलेली होती. तिला त्यात नवं काही वाटलं नाही.

दसरा झाल्यावर एका सकाळी ती म्हणाली, “चंदे, आंघोळ करून घे. दवाखान्यात जाचं हाय. तुह्या पोटातली पिशवी काढाची हाय.”

चंदानं आपल्या पोटाकडे पाहिलं. “मी कवा गिळली पिशवी?”

“गिळली नाही व. राह्यते बायांच्या पोटात. तुले नाही समजणार.”

तुले नाही समजणार. हे वाक्य चंदानं जन्मभर ऐकलं होतं.  तिनं मला उघडलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट लावून शोधलं. ‘पिशवी’ माझ्यात नव्हती. तेव्हा तिनं मला थैलीत घातलं आणि आईसोबत बसमध्ये बसली.

दवाखाना खासगी होता, तालुक्यापासून दूर. त्याचं नाव सांगून काही साधणार नाही. तिथं एका सिस्टरनं, विजयमाला तिचं नाव, धुरपताबाईपुढे छापील कागद आणि शाईचा पॅड ठेवला. धुरपताबाईनं अंगठा शाईवर टेकवलासुद्धा. तेवढ्यात चंदा कागदावर वाकली. वरच्या ओळीत तिला ओळखीचा शब्द दिसला होता. तिनं थैलीतून मला काढलं, नेमकं पान उघडलं आणि कागदाशेजारी ठेवलं.

“हे संमती हाय,” ती म्हणाली. “आधी समजून घ्या लागते. हे पुढचं काय हाय? ग-र्भा-श-य?”

“पिशवीच व थे,” धुरपताबाई म्हणाली.

“पिशवी म्हणजे काय?”

 डॉक्टर आतून बाहेर आले. काय खोळंबा आहे, त्यांनी विचारलं. मग चंदाकडे एक नजर टाकून म्हणाले, “तिला काय विचारायचंय? आईचा अंगठा घ्या, पुरे.”

विजयमाला सिस्टर जागची हलली नाही. तिची नजर माझ्या पानावर होती. चारही ओळी तिनं वाचल्या असाव्यात. “सर, मुलगी एकवीस वर्षांची आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “ती विचारतेय. मी पाच मिनिटं घेते.”

डॉक्टर कपाळाला आठ्या घालून आत गेले. सिस्टरनं खिशातलं पेन काढलं आणि माझं कोरं पान उलगडलं.  एकेक ओळ मोठ्यानं म्हणत तिनं लिहिलं.

‘गर्भाशय बाईच्या पोटात असतं. लोक त्याला पिशवी म्हणतात. त्यात बाळ वाढतं. दर महिन्याची पाळी तिथूनच येते. ते काढलं तर पाळी येत नाही. बाळ कधीच होत नाही. काढलेलं परत बसवता येत नाही. कमी वयात काढलं तर पुढं हाडं दुखू शकतात, अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊ शकतं.’

चंदानं बोट धरून सगळं पुन्हा वाचलं. वेळ लागला. सिस्टर थांबली.

“मले काही रोग झाला का?” चंदानं विचारलं.

“नाही.”

“मंग नाही. हे माह्यं हाय. मी नाही देत.”

एवढंच ती बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मला वाटलं, आता आई रागावेल. चंदालाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं मला छातीशी घट्ट धरलं. पण धुरपताबाईचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. ती बाकावर बसली होती, शाईचा अंगठा हवेत तसाच.

“सिस्टर,” ती म्हणाली, “थे हाडाचं काय वाचलं तुमी? परत एकदा वाचा.”

सिस्टरनं शेवटची ओळ पुन्हा वाचली.

“मी अकरा साल झाले म्हणून राह्यली का हे उसानं होते,” धुरपताबाई म्हणाली. “मले तं कोणी सांगतलंच नाही. पिशवी खराब हाय म्हनलं आन् अंगठा घेतला.”

त्या दोघी घरी परतल्या. सिस्टरचं पुढं काय झालं, तिला बोलणी खावी लागली का, मला ठाऊक नाही. पुन्हा तिची भेट झाली नाही. तिचं अक्षर तेवढं माझ्याजवळ आहे.

घरी किशन चिडला. आता फडावर पोरीचं कसं करायचं, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता.  रत्नमालाबाई आल्या, दुपारभर बसल्या. त्या वर्षी किशन एकटाच तोडीला गेला आणि धुरपताबाई गावात तूर-कपाशीच्या मजुरीवर राहिली. ओढाताण झाली. पण त्या पाच महिन्यांत बाई आणि चंदानं मिळून माझ्यात पाळीची सात पानं भरली. कपडा कधी बदलायचा, कसा धुवायचा, कुठं वाळवायचा, कोणी नको तिथं हात लावला तर काय ओरडायचं. चंदा ते सगळं आता स्वतः करते. पुढच्या हंगामापासून ती गावातच भागिरथा आत्याजवळ राहू लागली.

तूर निवडायच्या दिवसांतली एक दुपार मात्र मला सांगायलाच हवी. धुरपताबाईनं पेटीतून एक घडीचा कागद काढला. तिच्या ऑपरेशनचं कार्ड होतं ते. “मॅडम, माह्यं काय काढलं थे लिव्हा याच्यात,” ती म्हणाली. बाईंनी कार्ड वाचलं आणि पेन उघडलं. कुठून सुरू करावं, त्यांना सुचेना. तेव्हा चंदानं पेन आपल्याकडे घेतलं. माझ्यात तोवर तिनं स्वतःच्या हातानं कधी लिहिलं नव्हतं, ती सांगे आणि बाई लिहीत. वेडीवाकडी, ओळ सोडून जाणारी अक्षरं तिनं काढली.

‘माय, तुहं गर्भाशय काढलं. तुले कोणी सांगतलं नाही. तुही चूक नाही.’

तिनं ते वाचून दाखवलं. धुरपताबाईला अक्षर येत नाही. तरी तिनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि लेकीच्या आवाजामागून ते हळूहळू पुढं सरकवत नेलं. मग पुन्हा पहिल्यापासून. कितीदा, ते मी मोजलं नाही. माझ्या त्या पानाचा कागद बोटानं झिजून विरविरीत झाला आहे.

आता मी म्हातारी झाले. स्प्रिंग तुटली, सुतळीनं बांधलंय मला. कडा तेलकट झाल्या. माझ्या झेरॉक्स प्रती केनवडला आणि आणखी दोन गावांत गेल्यात म्हणे. तिथं लोक आपले शब्द त्यात घालतात. माझी चार पानं कोरी उरलीत.

तुमच्यापैकी कोणी अर्ज लिहीत असेल, सूचना लिहीत असेल, दवाखान्याचे कागद छापत असेल, तर माझं एवढं ऐका. लिहून झालं की कागद ज्याच्यासाठी आहे त्याच्याजवळ बसा आणि त्याला वाचू द्या. त्याचं बोट कुठं अडतं ते बघा. अडलं तिथं खोडा आणि पुन्हा लिहा. घाई करू नका.

मी निघते. चंदाच्या नावाची मतदार चिठ्ठी आली आहे, तिच्यातल्या एका शब्दावर तिचं बोट अडलंय, आणि ती पेन घेऊन मला शोधते आहे.