उलटी कार्डे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. ताटे-वाट्या लावायची नव्हे, माणसे लावायची! पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात, नोकरभरतीच्या खोलीत, मी दारासमोरच्या भिंतीवर टांगलेली आहे. माझ्या अंगावर दोनशे सोळा खण आहेत. एक खण म्हणजे एक जागा. खणात ज्याच्या नावाचे कार्ड, ती जागा त्याची.

यंत्रे ज्या खोक्यांतून आली, त्याच खोक्यांच्या फळ्या तासून कारखान्याच्या सुताराने मला घडवले. तेव्हा या खोलीत मोठ्या बाई बसत. त्यांनी एक रीत घातली होती. कुणी नोकरी सोडली, निवृत्त झाला, तरी त्याचे कार्ड त्या काढून टाकत नसत. नुसते उलटे करून ठेवत. "दुसरा येईपर्यंत जागा त्याचीच," त्या म्हणत. "रिकामा खण बघवत नाही मला."

डिसेंबर आला की माझा मान वाढे. खातेप्रमुख एकेक करून माझ्यापुढे उभे राहत, उलटी कार्डे मोजत, भांडत, हसत. त्यावरून मोठ्या बाई पुढच्या वर्षाच्या भरतीचा आराखडा लिहीत. "या मांडणीसारखी खरं बोलणारी दुसरी कोणी नाही," असे त्या एकदा साहेबांना म्हणाल्या होत्या. ते शब्द मी कितीतरी वर्षे जपले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी पदराने माझी वरची फळी पुसली आणि त्या गेल्या.

त्यांच्या जागी धाकट्या बाई आल्या. स्वभावाने चांगल्या, पण दोन माणसांचे काम एकट्या ओढत होत्या. कार्डांची रीत त्यांना ठाऊक होती. मात्र कारखान्यातल्या माणसांचे चेहरे अजून ओळखीचे नव्हते.

त्या वर्षी ओतकाम खात्यातली तीन कार्डे उलटी होती. तिथे लोखंड वितळवून साच्यात ओततात. नऊ माणसांचे काम सहा जण करत होते. त्यांचे मुकादम दुपारी पाणी प्यायला दाराशी थांबत, तेव्हा चौकटीला टेकून एका दमात तीन पेले रिचवत आणि लगेच भट्टीकडे परतत.

मग वर्षअखेरची सफाई निघाली. सफाईच्या मावशी मायेच्या. त्यांनी माझा खण न् खण पुसला, एकेक कार्ड झटकले.

"अगं बाई, ही बघ कशी उलटीपालटी खोचलीत! कुणाला म्हणून नीटपणा नाही," असे पुटपुटत त्यांनी सगळी उलटी कार्डे सुलटी केली. जाताना मागे वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिले.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटले. पण लाकूड ओरडत नाही.

साहेबांना बाहेरगावी जायचे होते, म्हणून आराखडा दोन दिवस आधीच हवा होता. बाकीचे खातेप्रमुख धावत येऊन आपापल्या मागण्या सांगून गेले. मुकादम मात्र भट्टी सोडून येऊ शकले नाहीत. 'उलटी कार्डे आहेत, बाई बघतील,' असा त्यांचा भरवसा होता. धाकट्या बाईंनी माझ्याकडे पाहून ओतकामाचे खण मोजले आणि लिहिले : नऊपैकी नऊ. भरती नाही. कागद वर गेला, त्यावर सही झाली. आता वर्षभर त्यात बदल नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुकादम तो कागद हातात घेऊन आले.

"बाई, माझ्या खात्यात नऊ माणसं आहेत म्हणे?"

"हो, सगळ्या जागा भरलेल्या आहेत."

"मग त्या तिघांना जरा हाक मारा. वर्ष झालं, तोंड दाखवलं नाही पोरांनी!"

बाई हसल्या. मुकादम हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि काळ्या पडलेल्या बोटांनी त्यांनी तीन कार्डे एकामागून एक उलटी केली.

"हा निवृत्त झाला. हा लेकीकडे राहायला गेला. ह्याची छाती धरलीय, तो पुन्हा भट्टीजवळ यायचा नाही. माझा भाऊही तिथेच आहे; काल ओतताना त्याच्या हातातून पळीचा दांडा निसटला. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडलं वितळलेलं लोखंड. अजून एक वर्ष असं नाही निघायचं, बाई. कुणीतरी भाजणार."

धाकट्या बाईंनी त्या तिन्ही कार्डांवरून नजर फिरवली. साहेब त्याच सकाळी गावाहून परतले होते; त्या तशाच जिना चढून त्यांच्याकडे वर गेल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मुकादम खुर्ची असूनही उभेच होते.

बाई परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "चूक माझी आहे म्हणून सांगितलं. हात जोडले. साहेब म्हणाले, आकडा वाढणार नाही. फार तर इकडची जागा तिकडे करा." त्या थांबल्या. "मला एक मदतनीस मंजूर झाली होती. ती जागा तुम्हाला दिली."

"आणि तुम्ही?"

"माझ्या हातातून पेन निसटलं तर कुणी भाजत नाही, मुकादम."

 तिघांच्या जागी एक. मुकादमांनी मान हलवली आणि ते भट्टीकडे गेले.

जानेवारीत एक नवे कार्ड माझ्या खणात आले. उरलेली दोन अजून उलटीच आहेत. मावशी आता त्यांना हात लावत नाहीत, नुसत्या डोळे टिपतात. त्यांना कुणी बोलले नाही, तरी टिपतात.

मित्रांनो, कुणाच्या घरात, कुणाच्या टेबलावर एखादी वस्तू वेडीवाकडी दिसली, तर ती नीट करण्याआधी 'ही अशी का ठेवली आहे?' एवढे विचारा. आणि ज्याच्यासाठी तुम्ही आकडे लिहिता, त्याचे तोंड एकदा पाहून या. माझ्यावर भरवसा ठेवा, पण माझ्या एकटीवर नको. मी लाकडाची आहे.

रोज सुटीचा भोंगा वाजला की उघड्या दारातून ओतकामाची माणसे जाताना दिसतात. मी जीव मुठीत धरून मोजते. पाच... सहा... आणि मग कितीतरी वेळ कुणीच येत नाही.

सात.

आजचा दिवस गेला.