जुन्या प्रोसेसरची धाप

"आई, हा आता म्हातारा झालाय, याच्याच्याने होत नाही," रघुवीर सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला. सुभद्राबाईंनी भाजीची सुरी ताटात ठेवली आणि विचारलं, की म्हातारा झाला म्हणजे बदलायचा असतो हे तुला कुणी शिकवलं?

हा म्हणजे मी. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, देवघराखालच्या डब्यात बसलेला प्रोसेसर बोलतोय. कॉम्प्युटरचं सगळं डोकं मी. आकाराने बिस्किटाएवढा, पण घर दुभंगलंय माझ्यावरून.

जन्म माझा वाळूतला, परदेशातला. उमेदीची तीन वर्षं लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात गेली. तिथे माणसं माझ्यासमोर बसून काम करण्याचं सोंग करायची आणि मी ते सोंग वेगाने चालवायचो. मग ऑफिसने आम्हाला भंगारात काढलं. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून रघुवीरने मला घरी आणलं, त्याला सहा वर्षं झाली.

रघुवीर शिवडीच्या गोदामात सुपरवायझर, वय बावन्न. खऱ्या विमानात एकदाच बसलाय, तेव्हाही खिडकी मिळाली नव्हती. घरात मात्र, कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात, कॅप्टन. दर रविवारी बनियन घालून, हातात दांडा धरून मुंबईहून उडतो आणि गावाजवळच्या चिपी विमानतळावर उतरतो. उतरताना तांदूळ निवडणाऱ्या बायकोला पट्टा बांधायला सांगतो. नम्रता त्याच्याकडे न बघता "बांधला" म्हणते. शहाणी आहे.

गेल्या वर्षभरात मात्र उतरताना गडबड व्हायला लागली. वर आकाशात सगळं ठीक. जमीन जवळ आली की चित्र अडकायचं, समुद्र थिजायचा, नारळ जागच्या जागी थरथरायचे आणि विमान धावपट्टी सोडून कुणाच्या तरी शेतात. खापर अर्थात माझ्यावर.

मग महिनाभर जेवताना समोर मोबाइल. त्यात कानाला हेडफोन लावलेला एक दीडशहाणा जुन्या-नव्याचे आलेख दाखवायचा. नव्याला म्हणे सोळा हात, म्हणजे कोअर. मला सहाच. पण गंमत ऐका, या विमानाच्या खेळाचा बहुतेक भार पडतो एकाच हातावर, बाकीचे कमरेवर. ते त्याने ऐकलं नाही. सोळा आकडा ऐकला आणि गडी घायाळ. त्यात नवा माझ्या पाटावर बसत नाही, त्याला खालचा बोर्ड नवा, मेमरी नवी. जावई बोहल्यावर चढण्याआधीच मागण्या घेऊन आला.

हेही चाललं असतं. पण रघुवीरने या मे महिन्यात आईला गावी न्यायला रजा काढली होती, पैसे बाजूला ठेवले होते. सुभद्राबाईंची धाकटी बहीण राधा तिकडे एकटी असते. एक डोळा गेलाय. दुसरा जायच्या आत तुझं तोंड बघू दे, असं तिने फोनवर सांगितलं होतं. आता ते पैसे माझ्या बदलीला लागणार होते आणि रजा नव्यावर विमानं उडवण्यात जाणार होती. आईने दिवाळीपर्यंत थांबावं, असं कॅप्टनचं म्हणणं. यंत्राची धाप यांना लगेच कळते. आईला मात्र थांब.

समजूत काढायला त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि विमान गावावरून नेलं. बघ आई, मावशीचं घर. सुभद्राबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. त्या खेळाने बहिणीच्या कौलारू घराच्या जागी उंच टोकदार छपराचं, धुराडं असलेलं विलायती घर ठोकून दिलं होतं.

"राधेच्या परड्यात हे धुराडं कधी उभं राहिलं?" त्यांनी विचारलं.

नम्रताला हसू आवरेना. रघुवीर चिडला, नव्या प्रोसेसरवर सगळं खरं दिसेल म्हणाला. खोटं बोलला. घरं मी बांधत नाही.

उठताना आधारासाठी सुभद्राबाईंनी माझ्या डब्यावर हात टेकला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखा तापलो होतो मी. तापलो की जीव वाचवायला आपोआप हळू होतो. त्याला म्हातारपण म्हणत नाहीत.

वीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्याच्या यंत्रांवर काढलेली बाई. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण यंत्राला ताप का येतो हे हाताने शिकलेली. त्यांनी डबा बंद करायला लावला, वायर काढायला लावली, स्क्रूड्रायव्हर मागितला. रघुवीर शॉक लागेल, काहीतरी तुटेल म्हणत मध्ये आला. बाजूला झाला.

आत काय निघालं सांगू? सहा दसऱ्यांच्या झेंडूच्या पाकळ्या, हळदकुंकू, धुपाचा काळा थर, आणि माझ्या पंख्याला गच्च बसलेलं तूस. या घरात मला दरवर्षी हार मिळाला, धूप मिळाला. धूळ बसू नये म्हणून डब्यावर विणलेला रुमाल मिळाला. त्याने हवाही बंद झाली. सहा वर्षांत नमस्कार सहा, फडकं एकदाही नाही.

"आमच्या खात्यात दसऱ्याला आधी यंत्र पुसायचं, मग हार," ब्रश फिरवत त्या म्हणाल्या. "नाहीतर आमचा मुकादम, जॉबर, आधी आमचीच पूजा करायचा."

मी अमर नाही. खरंच थकेन तेव्हा मला काढा, नव्याला बसवा. मी रडणार नाही. पण कुणाही जुन्याला मोडीत काढण्याआधी त्याच्या नाकातोंडात तुम्हीच काय कोंबलंय, ते एकदा बघा. एवढंच मागणं.

डबा पुन्हा सुरू झाला. रघुवीर नुसतं बघायला म्हणून बसला. विमान खाली आलं. समुद्र हलत राहिला, नारळ शांत उभे राहिले, चाकं धावपट्टीच्या मधोमध टेकली. मला धाप लागली नाही. तरी हा बहाद्दर पडद्यावरची नजर न काढता पुटपुटलाच, की आज जमलं, पण पुढे मोठी विमानं येणार, तेव्हा नवा घेऊन ठेवलेला बरा.

सुभद्राबाईंनी हातातला ब्रश कीबोर्डवर ठेवला. राग खरा असला की त्यांच्या तोंडी गावची बोली येते, आईची आवस होते.

"रघ्या, तुझा विमान गावाक पोचला, आता तुझ्या आवशीक पोचव."