फाटकावरचं नाव

पेंटरनं फाटकावरच्या कोऱ्या पाटीशी शिडी टेकवली आणि विचारलं, "ताई, नाव सांगा. आधी खडूनं आखतो, मग रंग."

नाव! शेतावर राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्या झाल्या, गाद्या आल्या, विहिरीला कठडा झाला. पण धाकटीचं घोडं अडलं होतं ते नावावर. तेवढ्यात समोरच्या घरातून तिचा थोरला भाऊ कागद नाचवत आला. त्याला बोलावलं होतं कुणी? कुणीही नाही.

"मातृछाया!" तो म्हणाला. "कसं अर्थपूर्ण आहे! पाहुण्यांना सांगायचं, आम्ही दोघा भावंडांनी आईच्या आठवणीत काढलंय."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघा भावंडांनी! कंबर मोडलेल्या आईला ह्याच पठ्ठ्यानं दारातून परत पाठवलं होतं. म्हणे, घर आतून रंगवायला काढलंय, वासाचा तिला त्रास होईल. धाकटीनं ट्रॉलीत गादी टाकून तिला इकडे आणलं. आताची पहिली खोली तेव्हा चाऱ्याची होती. तिथे म्हातारी आठ महिने पडून होती, तिथेच तिनं प्राण सोडला, आणि हा रस्ता ओलांडून एकदाही आला नाही.

"तेव्हा तुझं रंगकाम चाललं होतं ना रे? चार वर्षांपूर्वी?"

"चार वर्षांपूर्वी?" पेंटर शिडीवरूनच बोलला. "छे हो! दादांचं घर मीच रंगवलं की, गेल्या वर्षी, मुलीच्या लग्नात. त्याआधी पंधरा वर्षं ब्रश लागला नव्हता त्या भिंतींना."

थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. धाकटी मात्र गार पडली. आई रोज विचारायची, "झालं का गं त्याचं रंगकाम?" आणि ही रोज सांगायची, "होत आलंय, दोनच भिंती राहिल्यात." त्याचं खोटं हिनं स्वतःच्या तोंडानं आईला आठ महिने भरवलं होतं.

"लिहा," ती पेंटरला म्हणाली. "'या, आत या.' बस. आणि पाटीचं तोंड समोरच्या घराकडे."

"हे काय नाव झालं? लोक हसतील!"

"हसू देत. हसत हसत आत येतील. तू मात्र रोज दार उघडलंस की वाचायचं."

पेंटरनं अक्षरं आखली, निळा रंग भरला. थोरला जागचा हलला नाही. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "ती खोली तरी बघू दे गं. आई कुठे गेली ते मी पाहिलंच नाही."

चारही खोल्यांची दारं सताड उघडी होती. पहिला पाहुणा यायला अजून आठवडा होता.

"आधी फोन करून यावं लागतं, दादा," धाकटी म्हणाली. "नंबर येईल खाली."

पेंटरनं नंबर विचारला. तिनं एकेक आकडा सावकाश, मोठ्यांदा सांगितला. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि भाऊ रस्ता ओलांडून जाईपर्यंत ती फाटक अडवून उभी राहिली.