सामाईक माशा

बाई विद्यापीठात काय करतात, असं कुणी विचारलं तर नातेवाइकांचं उत्तर ठरलेलं: माशा मारतात. खरं तर त्या माशा जगवत. पिकल्या फळांवर घोंघावतात तसल्या चिमुकल्या माशा, काचेच्या नळ्यांत ठेवलेल्या. दर पंधरवड्याला त्या ताज्या खाद्यावर हलवायच्या. विसरलं की वंश बुडालाच. गोठवून ठेवायची सोय नाही, म्हणून समुद्रापलीकडच्या विद्यापीठातल्या मैत्रिणीशी बाईंचा जुना रिवाज होता: मोलाचा वंश दोघींकडे ठेवायचा. एकीकडचा मेला तर दुसरीकडून मागवायचा.

सगळ्यांत मोलाचा वंश होता स्नायू झिजण्याच्या रोगाचा. दोघींनी नऊ वर्षं खपून तो तयार केला होता. बाईंच्या दादाला तोच रोग होता. पाय कधीच गेले होते, आता हात चालले होते. नव्या औषधावर त्या लुळ्या माशा काच चढू लागल्याचं ऐकलं, त्या दिवशी दादा पोरासारखा हसला होता.

मग साथ आली आणि विद्यापीठाला कुलूप लागलं. रखवालदाराने हात जोडले. "बाई, एक पेटी भरा आणि निघा. माझ्या पोटावर पाय येईल."

एका पेटीत मावून किती मावणार? बाईंनी शिस्तीने निवड केली. जे फक्त आपल्याकडे आहेत, ते आधी. मैत्रिणीकडेही आहेत, ते राहिले तरी चालतील. तिला एकदा विचारावं, असं मनात आलं होतं. पण त्याच आठवड्यात तिचा नवरा साथीत गेला होता. घरात मयत झालेलं असताना माशांची चौकशी कुठल्या तोंडाने करायची? बाई स्वयंपाकघरात खाद्य शिजवत राहिल्या, घरच्यांची बोलणी खात राहिल्या आणि पेटीतले वंश त्यांनी जगवले.

कुलूप उघडलं तेव्हा मागे राहिलेल्या नळ्यांत नुसती बुरशी होती. बाईंनी घरी येऊन मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. दादा चाकाच्या खुर्चीत शेजारीच होता. मैत्रीण पार अर्धी झाली होती. नवऱ्याबद्दल बोलून झालं, दोघींचं रडून झालं, मग बाई म्हणाल्या, "आपल्या लुळ्या माशा थोड्या पाठव गं. माझ्याकडच्या गेल्या."

मैत्रीण बघतच राहिली. "गेल्या? अगं, मलाही एकच पेटी नेऊ दिली. त्या तुझ्याकडे आहेत म्हणून तर मी सोडल्या!"

"मग विचारायचं नाहीस?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

कॉल बंद झाल्यावर बाईंना दादाकडे पाहवेना. राग काढावा तर कुणावर? दोघींनीही काहीच वावगं केलं नव्हतं.

"पुन्हा नाही करता येणार?" दादाने विचारलं.

"येईल की. करूच."

"किती दिवस लागतील?"

दादाशी खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. "आठ-नऊ वर्षं."

दादा मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहत होता.

"कर. पण त्यात मला धरू नकोस."