रुखवतातला टेबलक्लॉथ

मला बघायला आले त्या दिवशी सुंदराबाईंनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, एकच प्रश्न विचारला.

"विणकाम, भरतकाम काही येतं का गं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सगळं येतं. क्रोशा तर डोळे मिटून करते."

यातलं डोळे मिटण्यापुरतं खरं होतं. क्रोशाची सुई हातात घेतली की मला दहा मिनिटांत झोप यायची. मुलुंडच्या एका औषध कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. चाळीस एक्स्टेन्शनच्या दोऱ्या कुठून कुठे घालायच्या ते मला झोपेतही सांगता आलं असतं, पण त्यापलीकडच्या दोऱ्याशी माझं कधी जमलं नाही.

आईनं थाप मारली तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण समोर बसलेला जयवंत मला आवडला होता. त्यानं न लाजता पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली होती.

"मग रुखवतात क्रोशाचा टेबलक्लॉथ असू दे," सुंदराबाई म्हणाल्या. "आमच्याकडे नवीन डायनिंग टेबल घेतलंय. बघते तरी माझ्या सुनेचा हात."

वाट लागली, मी मनात म्हटलं.

आता रुखवत म्हणजे काय ते आमच्या भांडुपच्या चाळीत सगळ्यांना नीट माहीत होतं. लग्नाच्या हॉलच्या कोपऱ्यात टेबलं लावायची आणि नवरीनं स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू त्यावर मांडायच्या. मण्यांचं तोरण, लोकरीचा कुत्रा, काडेपेटीतल्या काड्यांची झोपडी. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड, त्यावर नवरीचं नाव. शेजारच्या विमलाचं थर्मोकोलचं देऊळ अशा अकरा नवरी मुलींनी स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. त्याचा कळस एकदा उंदरानं खाल्ला, तेवढा नवीन बसवला होता. तेव्हा बाकीचं रुखवत उसनं मिळण्यासारखं होतं. पण सुंदराबाईंची मावसबहीण आमच्याच चाळीत तळमजल्याला राहायची. चाळीतला क्रोशाचा रुमाल न् रुमाल तिच्या ओळखीचा होता.

लग्नाला चार महिने होते. पंच्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आईनं दोऱ्याचे गुंडे आणले, विमलाकडून सुई आणली आणि मला बसवलं. आठवडाभर रोज संध्याकाळी मी दात-ओठ खात विणत होते. मध्यापासून गोल विणत जायचं, सपाट तबकडी व्हायला हवी. माझी तबकडी कडेनं वर वळायला लागली. आठव्या दिवशी तिची चांगली खोलगट वाटी झाली होती.

बाबांनी ती उचलली, फिरवून बघितली आणि डोक्यावर घातली. बरोबर बसली. आई सोडून आम्ही सगळे हसलो.

"हसा," आई म्हणाली. "लग्नात घाला तीच."

"हाड बघू हंय," म्हणत बाबांनी माझ्या हातातली सुई घेतली. आई परळमध्ये वाढलेली, तिचं बोलणं मुंबईचं. बाबा मात्र घरात मालवणीशिवाय बोलायचे नाहीत. "धागो ओढतंस कित्या एवढो? सैल सोडूक व्हयो."

बाबांनी चोवीस वर्षं गिरणीत माग चालवले होते. मागाला तिथं साचा म्हणायचे आणि जिथं साचे चालायचे ते साचाखातं. कुणी नाव विचारलं की बाबा सांगायचे, "काशीराम मोंडकर, साचाखातं." रेशनच्या रांगेत तेच, दवाखान्यात तेच. माझ्या शाळेतही तसंच सांगितलं आणि मास्तरांनी पत्ता समजून लिहूनही घेतलं. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. वर्षभर घरी बसले आणि मग घाटकोपरला एका चार मजली ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले. तेव्हापासून कुणी नाव विचारलं की नुसतं "काशीराम" सांगायचे. आडनावही गळालं होतं. मला ते ऐकून राग यायचा. राग कुणाचा ते कळायचं नाही, मग मी त्यांच्यावरच खेकसायची.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर जाताना डब्याच्या पिशवीत एक गुंडा आणि सुई घेऊन गेले. इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नाडकर्णीबाई म्हणून टायपिस्ट होत्या, त्या जेवणाच्या सुट्टीत क्रोशा करत. बाबांनी त्यांच्याकडून साखळीचा टाका शिकून घेतला, खांबाचा टाका शिकून घेतला. शनिवारी घरी आले ते हातभर रुंद जाळी घेऊन. अननसाची नक्षी. एकसारखी, सपाट, कडेला कुठंही न वळलेली.

मी बघतच राहिले. आईनं आधी दार लावलं.

"कुणाला दिसलं तर?" ती म्हणाली. "नवरीच्या बापानं रुखवत केलं म्हणून चाळ महिनाभर हसेल. आणि सुंदराबाईंना कळलं तर? मी काय सांगून बसलेय त्यांना?"

"कोणाक कळूचा नाय," बाबा म्हणाले. "हंय मी हात लावचंय नाय. थंयच करतलंय."

आणि खरंच त्यांनी घरी कधी सुई काढली नाही. सगळं काम लिफ्टमध्ये. एकदा ते डबा विसरले म्हणून मी माझ्या सुट्टीच्या दिवशी घाटकोपरला गेले. लिफ्ट तळाला उभी होती, आत स्टुलावर खाकी गणवेशात बाबा. मांडीवर जुन्या चादरीचा तुकडा, त्यावर पांढरी जाळी, आणि त्यांची बोटं अशी चालली होती की माझी टेलिफोनच्या बोर्डवर कधी चालली नसतील. टर्रर्र करून बेल वाजली. बाबांनी टाका होता तिथं सोडला, सगळं चादरीत गुंडाळलं आणि वर गेले. खाली आले ते एका सुटाबुटातल्या साहेबांना घेऊन.

"कितना हुआ, काशीराम?" साहेबांनी जाता जाता विचारलं.

"आधा, साब."

म्हणजे चाळीत कुणाला पत्ता नाही आणि घाटकोपरच्या अख्ख्या इमारतीला माझ्या रुखवताची खबर! मला हसू आवरेना. बाबाही हसले. गिरणी सुटल्यापासून मी त्यांना असं खुशीत बघितलं नव्हतं. तिथंच, लिफ्टच्या दारात, मी म्हटलं, "बाबा, कार्डावर तुमचंच नाव घालूया ना."

त्यांचं हसू गेलं. "गप रव. लोक हसतले. तुझा नाव घाल."

जानेवारीच्या शेवटी टेबलक्लॉथ पुरा झाला. आईनं तो रिठ्यात धुतला, पेजेत बुडवला आणि दार लावून घेऊन खाटेवर ताणून वाळवला. बाबा शेजारी उभे.

"बरा जमला?" त्यांनी मला विचारलं.

"झकास," मी म्हटलं आणि पत्रिकांवर पत्ते लिहायला वळले. अजून ते आठवलं की स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते. दोन-अडीच महिन्यांच्या कामाला माझ्याकडे एक शब्द होता.

कार्डं कुंडलिक पेंटरनं लिहिली. तो टेम्पोच्या नंबरप्लेटी रंगवायचा, त्यामुळे अक्षर लांबून वाचता येण्यासारखं. 'चि. सौ. कां. प्रेमा हिने स्वतःच्या हाताने विणलेला टेबलक्लॉथ.' बाबांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, परत ठेवलं.

"अक्षर बरा आसा," म्हणाले.

मला खूप लाज वाटली. आणि मला लाज वाटली की मी चिडते, म्हणून त्या रात्री मी आईशी पापडांवरून भांडले.

लग्न मुलुंडला झालं. अक्षता पडल्या, जेवणाला अवकाश होता, तेव्हा जयवंतकडच्या बायका रुखवताभोवती जमल्या. विमलाच्या देवळाचं बाराव्यांदा कौतुक झालं. मग सुंदराबाई चष्मा लावून टेबलक्लॉथपाशी आल्या. आम्ही दोघं नवरानवरी शेजारीच उभे होतो. आई मागे. बाबा नव्या शर्टात कोकम सरबताचा ट्रे घेऊन पाहुण्यांत फिरत होते.

सुंदराबाईंनी टेबलक्लॉथचं टोक उचललं आणि आधी पालथी बाजू बघितली. तेव्हाच मला कळलं की या बाईंना काम कळतं.

"बघा गं," त्या बायकांना म्हणाल्या, "मागून पुढून एकसारखं. कुठं गाठ दिसतेय का शोधा. याला म्हणतात हात!"

बायका बघायला लागल्या. आईनं माझ्या पाठीत हळूच बोट टोचलं, म्हणजे हस. मी हसले. सरबताचा ट्रे आमच्यापासून चार पावलांवर थांबला होता. बाबा ऐकत होते. मान खाली, पण ऐकत होते.

"एवढं मात्र सांग मला," सुंदराबाई बोट फिरवत म्हणाल्या. "मधेच एखादा खांब सुटलाय बघ. हा इथे. हा इथे. पुढे परत एक. एवढा सफाईदार हात, आणि हे कसं गं?"

"मुलांची गडबड असते चाळीत," आई मागून म्हणाली. "लक्ष जातं."

मला फक्त मान डोलवायची होती. बस, तेवढं केलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको नको म्हणून. तेच बघून माझं डोकं फिरलं. आपलंच काम लपवायला माणूस लेकीला विनवतो म्हणजे काय?

"ते खांब मी नाही सोडले," मी म्हटलं. "मला क्रोशा येत नाही. मी केलेली तबकडी टोपी म्हणून घालता येते. हे सगळं माझ्या बाबांनी केलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. आईनं पदर तोंडाला लावला. जयवंत माझ्याकडे बघत होता आणि मला वाटलं, संपलं, आता हा काय म्हणेल देव जाणे.

सुंदराबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"व्याही, इकडे या."

बाबा ट्रेसकट आले.

"हे तुम्ही केलं?"

"होय."

"मग हे खांब का सुटले?"

बाबांना खोटं बोलायची सवय नव्हती. "बेल वाजली," ते म्हणाले. "लिफ्टची. तिसऱ्या मजल्यावरसून कोणीतरी बोलवी. काय करतलंय? टाको सोडून जाऊचा लागा."

सुंदराबाईंना जे हसू सुटलं, हसून हसून टेबलाचा आधार घ्यायला लागला. "अगं बाई! म्हणजे लोकांना वर-खाली करत करत हे? आमच्या ह्यांनी तीस वर्षांत स्वतःच्या रुमालाची घडी घातली नाही!" मग त्या आईकडे वळल्या. "विहीणबाई, डोळे मिटून क्रोशा करणारे ते हे होय?"

"डोळे उघडे ठेवून करतात," आई कशीबशी म्हणाली आणि मग तीही हसली.

"ते कार्ड काढा आधी," सुंदराबाई म्हणाल्या. "ज्याचं काम त्याचं नाव. आणि व्याही, माझ्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी आहे. सांगून ठेवते."

जयवंतनं खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. माणूस निवडण्यात चूक झाली नव्हती. मी शालू सावरत टेबलावर वाकले, कुंडलिकचं कार्ड उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'विणणारे : काशीराम मोंडकर.' चाळीतले, मुलुंडचे, घाटकोपरहून आलेल्या नाडकर्णीबाई, सगळे भोवती वाकून बघत होते. आता कुणी हसत नव्हतं.

मी पेनचं टोपण लावत होते.

"थांब गो," बाबा म्हणाले. त्यांनी ट्रे खाली ठेवला, शर्ट खाली ओढला आणि सरळ उभे राहिले. "नाव लिवलंस तर खाता पण लिव."

मी टोपण परत काढलं आणि नावापुढे लिहिलं, साचाखातं.