बदाम्या, लोकरीचा बैल

मित्रांनो, मी एक जुना बैल आहे. आता तुम्ही म्हणाल, बैल कसला, हे तर लोकरीचं खेळणं. म्हणा खुशाल. माझ्या तोंडावर पुष्कळ जण तसं म्हणून गेले आणि मी अजून इथेच आहे. माझे पाय लोकरीचे, शिंगं लोकरीची, शेपटीसुद्धा लोकरीची. पण मी ससा नाही, अस्वल नाही आणि उशी तर मुळीच नाही. मी बैल आहे. माझं नाव बदाम्या. वडनेर भोलजी गावात हिंमतरावांच्या गोठ्यात, डावीकडच्या खुंट्याजवळ माझी जागा आहे. ती मला कुणी दया म्हणून दिलेली नाही. ती कशी मिळाली, तेवढंच आज सांगणार आहे.

माझा जन्म झाला तो रिकाम्या गोठ्यामुळे. हिंमतराव हे छकुलीचे आजोबा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्याकडे हरण्या आणि चांद्या अशी बैलजोडी होती. छकुलीच्या वडिलांनी, अविनाशने, ट्रॅक्टर आणला आणि जोडी विकली गेली. आबांनी स्वतःच होकार दिला होता, पण त्यानंतर त्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही. त्या वर्षी पोळ्याला गावचे बैल सजूनधजून मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली उभे राहिले, तेव्हा आबा दार लोटून घरात बसले. रांगेत गावातल्याच किसनरावांच्या बैलांशेजारची जागा कित्येक वर्षं आबांच्या घराची होती. ती मोकळी काही राहिली नाही. बाकीचे बैल थोडे थोडे सरकले आणि जागा भरून गेली.

छकुली तेव्हा पहिलीत होती. आपल्या घरी बैल का नाही, एवढा एकच प्रश्न ती आईला दिवसभर विचारायची. तिची आई मंजुश्री विणकामात तरबेज. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने अविनाशसाठी बदामी रंगाचा स्वेटर विणला होता. तो त्याला टोचायचा, म्हणून ट्रंकेत पडून होता. मंजुश्रीने तो उसवला, लोकरीच्या लडी केल्या, पातेल्यातल्या वाफेवर धरून लोकरीच्या वळ्या मोडल्या आणि मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी बाईचा गाय विणण्याचा व्हिडिओ लावून सुया हातात घेतल्या.

माझं पोट झालं, मान झाली, पाठ अर्ध्यावर आली. आबा चहा घेऊन शेजारून चालले होते, ते थांबले.

"हे काय करून राह्यली वो, मंजू?"

"बैल व्हय, आबा."

"वशिंडाबिगर? मंग जू कुठी ठेवशीन याच्यावर?"

एवढं बोलून ते गेले. त्या व्हिडिओतल्या गाईची पाठ पाटासारखी सपाट होती, कारण तिकडच्या गाईंना वशिंड नसतंच. माझी पाठ मंजुश्रीने मानेपर्यंत उसवली, टाके वाढवत वाढवत उंचवटा आणला, मग टाके घटवत तो खाली उतरवला. मला वशिंड आलं. ते जरासं डावीकडे कललेलं आहे, पण आहे.

मग मला भरायची वेळ आली. शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, "मलकापूरले उशीत भराचा कापूस भेटते, पांढरा सफेत. थो आन."

"घरात कापूस पडला अन् मी बजारातून आनू काय?" मंजुश्री म्हणाली.

मागच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापसाचा ढीग पडला होता. शेतातून वेचून आणलेला, जसाच्या तसा, सरकीसकट. सरकी म्हणजे कापसाचं बी. ते काढायचं काम जिनिंगमधल्या यंत्राचं. हाताने एकेक बी कोण काढत बसणार? मंजुश्रीने मुठी भरभरून तो कापूस माझ्या पोटात कोंबला. ही चूक कापसाच्या घरातच होऊ शकते. पण मला विचाराल तर त्या सरकीने माझं भलंच केलं. माझ्या अंगात वजन आलं. दुकानातली खेळणी फुंकर मारली तरी आडवी होतात. मी चार पायांवर उभा राहिलो.

छकुलीने मला उचलून आबांपुढे ठेवलं. आबांनी मला वरून खालून पाहिलं आणि ते म्हणाले, "मेंढराच्या केसाचा बैल." बस, एवढंच. मला तेव्हा फार राग आला. आजही येतो. माझी लोकर कारखान्यातली आहे, तिने जन्मात मेंढरू पाहिलेलं नाही.

अविनाशला मात्र मी फार आवडलो, आणि त्याचं आवडणं मला महागात पडलं. त्याने मला सुतळीने ट्रॅक्टरच्या तोंडावर बांधलं, शोभेसाठी. ज्या ट्रॅक्टरपायी हरण्या आणि चांद्या गेले, त्याच ट्रॅक्टरचा दागिना मी व्हायचं? मी नाही झालो. नांदुऱ्याच्या वाटेवर पहिल्याच खड्ड्यात सुतळी सुटली आणि मी रस्त्यात पडलो. सुतळी जुनी होती असं अविनाश म्हणतो. तो म्हणेना का. छकुलीने मला मातीतून उचललं आणि पुन्हा कधी ट्रॅक्टरजवळ जाऊ दिलं नाही.

तिच्या हाताखाली मी खरं काम केलं. माझ्या वशिंडापुढे ती पट्टी आडवी बांधायची, मागे कंगवा अडकवायची आणि आम्ही अंगण नांगरायचो. संध्याकाळी ती मला गोठ्यात खुंट्याला बांधून पुढ्यात कडबा टाकायची. माझ्या पायांना माती लागली, पोट काळवंडलं. सिंधूताई कौतुकाने म्हणायच्या, "खऱ्या बैलापक्षा हाच जास्त राबून राह्यला." ते दिवस चांगले होते, मी खोटं कशाला बोलू.

मग पुढचा पोळा आला. छकुलीने ठरवून टाकलं की यंदा आपल्या घरचा बैल तोरणाखाली जाणार. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. हरण्या-चांद्याचं काय काय करतात ते तिने पाहिलेलं होतं, तेच तिने माझं केलं. आदल्या दिवशी तिने मला नाल्यावर नेलं आणि पाण्यात बुडवून घासून आंघोळ घातली. नंतर खांद्याला तूप-हळद चोळली आणि मोठ्या माणसांसारखं तोंड करून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जन्मात पहिल्यांदा मला कुणी जेवायचं आमंत्रण दिलं. माझ्या पोटातला कापूस पाणी पिऊन टम्म झाला होता आणि मी दगडासारखा जड झालो होतो, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला कडेवर घेऊन निघाली, तेव्हा आबा दारात उभे होते.

"ते बाहुलं घेऊन तोरनाखाली जाऊ नोको. लोकं मले हासतीन."

ती गेली. देवळापुढे डफडं वाजत होतं, बैलांच्या झुली चमकत होत्या. किसनरावांच्या बैलाशेजारी जाऊन तिने मला जमिनीवर ठेवलं आणि मित्रांनो, माझे पाय मुडपले. ओल्या कापसाचं सगळं ओझं पोटात उतरलं होतं, पायांत जोर राहिलाच नाही. मी खाली बसलो.

"बसला, बसला!" लोक हसू लागले. जुवाखाली बसणाऱ्या बैलाला शेतकरी कुचकामी समजतात, हे तुम्हाला कुणीही सांगेल. किसनराव रागावले नाहीत, उलट वाकून गोड बोलले, "लेकरायचा पोळा उद्या हाय, बाई. उद्या येजो." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल मिरवतात, तो हा पोळा. तेवढ्यात मंजुश्री आली आणि छकुलीला हाताला धरून घरी घेऊन गेली.

घरी आल्यावर छकुली आबांपुढे उभी राहिली. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "तुमी काऊन नाई आले? तुमी असते त त्यायनं जागा देली असती."

मी आबांचं तोंड पाहिलं. त्यांना माझी लाज वाटत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. स्वतःच्या हाताने जोडीचे कासरे दुसऱ्याच्या हातात दिले, त्याची त्यांना लाज वाटत होती आणि म्हणून ते रांगेसमोर जात नव्हते. त्या दिवसापासून छकुली आबांशी बोलेना.

मी गोठ्यात पडून राहिलो. भादव्याची दमट हवा, ऊन नाही. माझ्या अंगाला कुबट वास यायला लागला. आणि एके सकाळी माझं पोट आतून टोचायला लागलं. टाक्यांमधून काहीतरी वर येत होतं. हिरवं. इथून एक, तिथून एक, पाठीवर वशिंडाशेजारी दोन.

छकुलीने पाहिलं आणि ती आईला ओढत घेऊन आली. मंजुश्रीने नाकाला पदर लावला. "आता काई खरं नाई याचं. उसवून टाकतो, लोकर धून ठेवतो. तुले दुसरं काई विनून दीन." तिच्या हातात कात्री होती. ज्या हातांनी मला घडवलं तेच मला मोडायला आले होते. उसवलं की माझं काय उरणार? लोकरीचा गुंडा. त्याची टोपी होईल, मोजे होतील, पण बदाम्या होणार नाही. छकुलीने मला छातीशी धरलं आणि सोडेना. मायलेकींची ओढाताण सुरू झाली, आवाज चढले.

आणि गोठ्याच्या दारात आबा आले.

जोडी गेल्यापासून ते पहिल्यांदा आत येत होते. त्यांनी मला घेतलं, उजेडाकडे धरलं, एक हिरवं टोक अंगठ्याने हळूच उचललं.

"कपाशी हाय हे. दोन पानावर आली."

"सरकी काढलीच नव्हती, आबा," मंजुश्री ओशाळून म्हणाली.

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "याचं पोट त वावर झालं वो. कात्री ठेव. माहा दाभन आन."

छकुली सगळा रुसवा विसरून म्हणाली, "मरन काय थो, आबा?"

"बैल असा मरत नसते."

दाभण म्हणजे पोती शिवायची मोठी सुई. आबांनी तिच्या टोकाने माझ्या पोटाची शिवण सोडवली, लोकरीचा एक धागासुद्धा न तोडता. कोंब अलगद काढून त्यांनी गोठ्याच्या भिंतीलगत लावले. त्यातले बरेच सिंधूताईंच्या शेळीने खाल्ले, एक जगला. ओला कापूस फेकला, मला उन्हात वाळवलं. मग आबांनी आपली उशी फाडून तिच्यातला कापूस माझ्यात भरला, आणि माझ्या पायांत नाल्यातले बारीक गोल खडे घातले. शेवटी सुतळीने मला शिवलं. टाके मोठे आणि वाकडे पडले. मंजुश्री म्हणाली, मी नीट करून देते. आबा म्हणाले, "राहू दे. दिसू दे शिवेल हाय म्हनून."

पुढच्या पोळ्याला आबा पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून छकुलीला घेऊन निघाले. मी तिच्या कडेवर होतो. लोक वळून पाहत होते. रांगेपाशी आल्यावर आबा थांबले.

"खाली ठेव त्याले. बैल कोनी कडेवर आनते काय?"

तिने मला ठेवलं. एका बाजूला किसनरावांच्या बैलाचा खूर होता, माझ्या डोक्याएवढा. डफडं वाजत होतं, जमीन हादरत होती. त्या बैलाने एक पाय आपटला, चिखल माझ्या तोंडावर उडाला.

किसनराव म्हणाले, "हिंमतराव, लेकरायचा पोळा त उद्या असते."

"मी लेकरू हाय काय? मी माह्या घरचा बैल घेऊन आलो. हासाचं असन त हास, पन जागा दे."

किसनराव माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या बैलाचा कासरा ओढला. बैल एक पाऊल सरकला, त्याच्या पलीकडचा सरकला, आणि रांग सरकत गेली. पुजारी कुंकवाचं ताट घेऊन आला तेव्हा त्याला माझ्यापर्यंत पोचायला पार खाली बसावं लागलं. तो बसला. त्याने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. त्या संध्याकाळी आबांनी स्वतः मला गोठ्यात डावीकडच्या खुंट्याला बांधलं.

मित्रांनो, खेळण्यांनी शेवटी हात जोडून सांगायचं असतं, की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी हात जोडणार नाही. मला काचेच्या कपाटात ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. मातीत न्या, राबवा. फाटलो तर हाताला लागेल त्या दोऱ्याने शिवा. आणि पोळ्याच्या दिवशी मला कडेवरून खाली ठेवा. मी उभा राहतो.